स्पीड सेन्सर नेमके काय मोजतो?

मोटारीच्या डॅशबोर्डवरचा वेगाचा आकडा आता केवळ चालकाच्या माहितीपुरता राहिलेला नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याच आकड्यावरून पुढचा गिअर कधी टाकायचा ते ठरवतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग हाताला किती मदत द्यायची याचा हिशेब त्यावरूनच करते. पार्किंग करताना स्टीअरिंग हलके लागते आणि हायवेवर घट्ट होते ते त्यामुळेच. क्रूझ कंट्रोल, आपोआप लागणारे दरवाजे, वेग वाढल्यावर वाजणारी बीप आणि अपघातानंतर तपासली जाणारी नोंद या सगळ्यांचा आधारही तोच. इतक्या निर्णयांचा भार वाहणारा हा आकडा येतो कुठून याचा माग काढला, तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. रस्त्याच्या सापेक्ष गाडी किती वेगाने पुढे जात आहे हे थेट मोजणारा एकही भाग या साखळीत नसतो. सेन्सर मोजतो ते एका दातेरी चकतीचे फिरणे. त्या फिरण्यावरून वेग काढला जातो. गेल्या सव्वाशे वर्षांत हे फिरणे मोजण्याची कला कमालीची अचूक झाली आहे. पण फिरण्यावरून वेगापर्यंत जाणाऱ्या पायरीतली अनिश्चितता सेन्सर कितीही सुधारला तरी जात नाही. ती कमी करायची तर एकमेकांवर अवलंबून नसलेल्या अनेक साक्षी ताडून पाहाव्या लागतात. म्हणून गॅरेजमधली दुरुस्ती, सरकारी नियम आणि अपघाताची चौकशी या तिन्ही ठिकाणी वेगाच्या आकड्याकडे मोजमाप म्हणून न पाहता निष्कर्ष म्हणून पाहिले पाहिजे, असे मला या आढाव्यातून मांडायचे आहे.

आपल्याकडच्या न्यायशास्त्राने अशा ज्ञानाला अनुमान म्हटले आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. अग्नी डोळ्यांनी दिसलेला नसतो. जिथे धूर तिथे अग्नी या व्याप्तीवर आपला विश्वास असतो आणि ती व्याप्ती जोवर टिकते तोवर अनुमानही टिकते. गाडीच्या वेगाची व्याप्ती अशी सांगता येईल: चाकाचा एक फेरा झाला म्हणजे गाडी टायरच्या घेराइतकी पुढे गेली. एका सेकंदात किती फेरे झाले ते मोजा, घेराने गुणा, वेग मिळाला. गणित चौथीतले आहे, पण त्यात दोन अटी न बोलता गृहीत धरलेल्या आहेत. पहिली अट अशी की टायरचा घेर ठाऊक आहे आणि तो बदलत नाही. दुसरी अशी की चाक रस्त्यावर घसरत नाही. स्पीड सेन्सरविषयीचे जवळजवळ सगळे वाद, तक्रारी आणि सुधारणा या दोन अटींपाशी येऊन थांबतात. आधी मोजणारी साधने पाहू, म्हणजे अडचण साधनात नसून अटींत आहे हे स्पष्ट होईल.

आरंभीची काही दशके वेग पूर्णपणे यांत्रिक रीतीने दाखवला जात होता. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यांनी 1902 मध्ये पेटंट घेतलेला स्पीडोमीटर पुढे जगभर पसरला. गिअरबॉक्समधून एक लवचीक केबल डॅशबोर्डपर्यंत येते आणि मीटरच्या आत एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे त्यात भोवरे-प्रवाह निर्माण होतात आणि ते प्रवाह वाटीला चुंबकाच्या फिरण्याच्या दिशेने ओढतात. ही ओढ फिरण्याच्या गतीच्या प्रमाणात वाढते. वाटीला जोडलेली बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते आणि दोन्हींचा तोल जिथे साधतो तिथे काटा स्थिरावतो. ॲम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि मारुती 800 चालवलेल्या पिढीला हीच केबल आणि तिचा थरथरणारा काटा परिचयाचा आहे. ही रचना सुंदर होती, पण तिचे उत्तर फक्त माणसाच्या डोळ्यांसाठी होते. इंजिनाला इंधन किती द्यायचे हे कॉम्प्युटर ठरवू लागला, तेव्हा त्याला काट्याची जागा वाचता येईना. मधल्या काळात काही जपानी गाड्यांनी मीटरच्या आतच एक छोटा रीड स्विच बसवला. केबलच्या प्रत्येक फेऱ्याला तो चार वेळा उघडझाप करायचा आणि तेवढे चार ठोके कॉम्प्युटरला मिळायचे. फिरण्याचे ठोक्यांत रूपांतर झाले ते इथे, आणि पुढची सारी प्रगती हे ठोके अधिक स्वच्छ, अधिक दाट आणि अधिक भरवशाचे करण्याची आहे.

ठोके निर्माण करण्याची सर्वांत साधी रीत मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवलेल्या तत्त्वावर चालते. एका चुंबकाभोवती तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळायची आणि तिच्या टोकासमोर लोखंडी दात्यांची चकती फिरवायची. दाता समोर आला की चुंबकीय क्षेत्र दाट होते, खाच आली की विरळ होते, आणि क्षेत्र बदलत असताना कॉइलमध्ये व्होल्टेज उमटते. दोन वायरी, आत एकही इलेक्ट्रॉनिक भाग नाही, बाहेरून वीज द्यावी लागत नाही. उष्णता, ग्रीस आणि चिखल सहन करण्यात हा सेन्सर तरबेज. पण व्होल्टेज क्षेत्र बदलण्याच्या गतीवर अवलंबून असल्यामुळे चाक जितके हळू फिरेल तितका सिग्नल दुबळा होतो. हायवेच्या वेगाला भरघोस मिळणारे व्होल्टेज गाडी रांगत असताना काही मिलिव्होल्टवर येते आणि आजूबाजूच्या विद्युत गोंगाटात बुडून जाते. चालण्याच्या गतीपेक्षा कमी वेगात असा सेन्सर आंधळा होतो. गाडी अगदी हळू चालली आहे की पूर्ण थांबली आहे हे त्याला सांगता येत नाही. सेन्सर आणि दाते यांच्यातले अंतर साधारण एक मिलिमीटर असते. ते थोडे जरी वाढले तरी सिग्नल लगेच घटतो.

या उणिवेवरचे उत्तर एडविन हॉल यांच्या 1879 मधल्या शोधात होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत असताना त्यांनी दाखवले की प्रवाह वाहणाऱ्या धातूच्या पातळ पट्टीला आडवे चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज तयार होते. हे व्होल्टेज क्षेत्र किती आहे यावर ठरते. ते किती वेगाने बदलते याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे दाता समोर येऊन स्थिर उभा राहिला तरी सेन्सरला तो दिसतो. अर्धवाहकाच्या चिपमध्ये हॉल घटक, सिग्नल वाढवणारे सर्किट आणि 'हो' की 'नाही' ठरवणारा स्विच एकत्र बसवले की स्वच्छ चौकोनी ठोके मिळतात, आणि त्यांची उंची वेगावर अवलंबून राहत नाही. अशा सेन्सरला सहसा तीन वायरी असतात: वीज, अर्थ आणि सिग्नल. गिअरबॉक्सवर बसणारे स्पीड सेन्सर मोठ्या संख्येने याच जातीचे झाले. पुढे चुंबकीय क्षेत्रात धातूचा विद्युतरोध बदलतो या गुणधर्माचा उपयोग होऊ लागला. विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचे लॉर्ड केल्विन, यांनी तो 1856 मध्ये नोंदवला होता. त्याच गुणधर्माचे कित्येक पटींनी प्रबळ रूप आल्बेर फेर आणि पेटर ग्र्युनबर्ग यांनी 1988 मध्ये स्वतंत्रपणे शोधले आणि त्याबद्दल दोघांना 2007 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज अनेक गाड्यांच्या व्हील बेअरिंगच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण ध्रुवांची आळीपाळीने रचना केलेली चुंबकीय पट्टी असते आणि समोरचा सेन्सर दोनच वायरींवरून 7 आणि 14 मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांनी कंट्रोलरशी बोलतो. काही सेन्सर चाक पुढे फिरते की मागे तेही कळवतात. चढावर गाडी मागे घसरू न देणाऱ्या यंत्रणेला ही माहिती फार मोलाची असते.

सेन्सर कसा आहे याइतकाच तो कुठे बसवला आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि इथे आकडे बोलके आहेत. जपानी प्रमाणानुसार 60 किमी वेगाला केबलचे मिनिटाला 637 फेरे होतात. या वेगाने एका मिनिटात बरोबर एक किलोमीटर कापला जातो, म्हणजे किलोमीटरला 637 फेरे. प्रत्येक फेऱ्याला चार ठोके धरले तर किलोमीटरला 2548 ठोके होतात. दर 39 सेंटिमीटरला एक. डॅशबोर्डवरच्या काट्याला एवढे पुष्कळ झाले. ताशी 100 किमी वेगाला सेकंदाला सुमारे 71 ठोके मिळतात, पण ताशी 5 किमीला जेमतेम साडेतीन. आता चाकावरची चकती घेऊ. 165/80 आर14 मापाच्या टायरचा कागदोपत्री व्यास सुमारे 620 मिमी आणि घेर सुमारे 1.95 मीटर येतो. चकतीला 48 दाते असतील तर दर चार सेंटिमीटरला एक ठोका मिळतो. 100 किमी वेगाला सेकंदाला जवळजवळ 685. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ लागले आहे हे काही मिलिसेकंदांत ओळखायचे तर 39 सेंटिमीटरची वाट पाहून चालत नाही. बॉशने 1978 मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास गाडीवर इलेक्ट्रॉनिक एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणले तेव्हापासून सेन्सर चाकांजवळ जाण्याची ही वाट खुली झाली. बॉशनेच 1986 मध्ये मांडलेल्या कॅन जाळ्यामुळे एका कंट्रोलरने काढलेला वेग गाडीतल्या सगळ्या कंट्रोलरना त्याच तारांवरून वाचता येऊ लागला. त्यामुळे आजच्या कित्येक गाड्यांत गिअरबॉक्सवरचा वेगळा स्पीड सेन्सर उरलेलाच नाही. एबीएसचा कंट्रोलर चार चाकांवरून वेग काढतो आणि बाकीचे तो ऐकतात.

ठोके मोजण्यातही एक निवड करावी लागते. ठरावीक वेळात किती ठोके आले ते मोजले तर जास्त वेगाला उत्तर उत्तम येते, पण कमी वेगाला मोजायला ठोकेच पुरेसे नसतात. उलट, दोन ठोक्यांमध्ये किती वेळ गेला ते मोजले तर कमी वेगालाही बारकावा सापडतो, पण दात्यांच्या घडणीतला किंचितसा फरकही वेगातल्या चढउतारासारखा दिसू लागतो. कंट्रोलर दोन्हींचा मेळ घालतो आणि एका फेऱ्यातल्या दात्यांची सरासरी काढून घडणीतले दोष धुऊन टाकतो. मात्र शेवटचा ठोका येऊन बराच वेळ झाला, तर गाडी थांबली की पुढचा दाता अजून यायचा आहे, याचा निर्णय त्याला ठरावीक मुदत गेल्यावर स्वतःच्या समजुतीने घ्यावा लागतो. म्हणजे काट्यावरचे शून्यसुद्धा एक निष्कर्षच असते. तरीही एवढे मान्य करायला हवे की फेरे मोजण्याचे काम आजचा सेन्सर अत्यंत चोखपणे करतो. शंकेला जागा आहे ती त्यानंतरच्या पायरीत.

पहिल्या अटीकडे, टायरच्या घेराकडे वळू. नव्या टायरच्या खाचा साधारण 8 मिमी खोल असतात आणि 1.6 मिमीपर्यंत झिजल्यावर टायर बदलायचा असतो. मधल्या झिजेत व्यास सुमारे 13 मिमीने घटतो. वरच्या 620 मिमीच्या टायरला हा फरक दोन टक्के होतो. घेर घटला की त्याच अंतरासाठी फेरे जास्त होतात आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. मोठे टायर बसवले तर उलटे घडते. 185/65 आर15 च्या जागी 195/65 आर15 घातला की व्यास 13 मिमीने वाढतो, आणि काटा खऱ्यापेक्षा दोन टक्क्यांनी मागे राहतो. टायरमधली हवा, गाडीतले ओझे आणि तापमान यांनीही घेर थोडाफार हलतो. काही गाड्या याच 'चुकीचा' सदुपयोग करतात: एका टायरची हवा कमी झाली की तो किंचित लहान होतो आणि बाकी तिघांपेक्षा जरा वेगाने फिरतो, हे ओळखून त्या चालकाला इशारा देतात. हवेचा दाब मोजणारा एकही सेन्सर टायरमध्ये नसताना हे साधते. एका चाकाकडे पाहून जे कळत नाही ते चार चाकांची तुलना केल्यावर कळते, हा धडा इथे प्रथम मिळतो.

दुसरी अट, चाक घसरत नाही ही, याहून मोठी आहे. गिअरबॉक्सवरचा सेन्सर डिफरन्शियलच्या अलीकडे असतो आणि डिफरन्शियलमुळे तिथे दोन चाकांची सरासरी पोहोचते. वळणावर आतले चाक हळू आणि बाहेरचे जलद फिरते तेव्हा ही सरासरी योग्यच उत्तर देते. पण गाडी चिखलात रुतली, एक चाक ताशी 40 किमीच्या गतीने गरगर फिरत आहे आणि दुसरे निश्चल आहे, अशा वेळी काटा 20 दाखवतो. गाडी मात्र तसूभरही हललेली नसते. ब्रेक मारतानाची स्थिती याच्या उलट. कोरड्या रस्त्यावर सर्वाधिक पकड मिळते ती चाक गाडीपेक्षा साधारण 10 ते 20 टक्के हळू फिरत असताना, आणि एबीएस चाकाला त्याच पट्ट्यात ठेवण्याची धडपड करते. म्हणजे जोरदार ब्रेक लागलेला असताना चाकाचा वेग आणि गाडीचा वेग वेगळे असणे ही त्या यंत्रणेची नेहमीचीच स्थिती आहे. मग गाडीचा खरा वेग तिला कळतो कसा? तोही अनुमानानेच. चार चाकांपैकी सर्वांत वेगाने फिरणारे चाक बहुधा सर्वांत कमी घसरत असते, म्हणून त्याला जास्त मान दिला जातो. शिवाय टायर आणि रस्ता यांच्या पकडीला मर्यादा आहे: सामान्य मोटार कोरड्या रस्त्यावर गुरुत्वीय त्वरणाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे 9.8 मीटर प्रतिसेकंद या दराच्या, फार पलीकडे जाऊन मंदावू शकत नाही. एखाद्या चाकाचा वेग त्याहून झपाट्याने घसरला तर गाडी तेवढी मंदावलेली नाही, चाक जाम होत आहे, असा निवाडा कंट्रोलर करतो. 1995 पासून आलेल्या, गाडीला भरकटू न देणाऱ्या ईएसपी यंत्रणेने त्यात गाडी स्वतःभोवती किती वळते आणि बाजूला किती लोटली जाते हे मोजणारे सेन्सर जोडले. चाकाशी संबंध नसलेली साक्ष मिळू लागली आणि अनुमान बळकट झाले.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एवढा खटाटोप कशासाठी, उपग्रहांवरून वेग थेट मिळतोच की. मोकळ्या आकाशाखाली स्थिर वेगाने जाणाऱ्या गाडीसाठी हे खरे आहे. जीपीएस रिसीव्हर उपग्रहाच्या लहरींतल्या डॉप्लर बदलावरून वेग काढतो, त्याला टायरच्या घेराशी काही देणेघेणे नसते, आणि अशा स्थितीत त्याचे उत्तर काट्यापेक्षा बरेचदा अधिक अचूक असते. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या भाताण किंवा मडप बोगद्यात गाडी शिरली की उपग्रह दिसेनासे होतात. उंच इमारतींच्या दाटीत लहरी परावर्तित होऊन येतात. साधा रिसीव्हर सेकंदाला एक ते दहा वेळा उत्तर देतो, आणि एबीएसला तेवढ्या वेळात कित्येक निर्णय घ्यावे लागतात. रस्त्यावर रोखलेल्या डॉप्लर रडारचीही अशीच कथा आहे. नांगरताना ट्रॅक्टरची चाके 10-15 टक्के घसरणे सर्वसाधारण असल्यामुळे काही मोठ्या ट्रॅक्टरांवर असे रडार बसवतात. युरोपात रेल्वे इंजिनांवरही चाकाच्या मोजणीला त्याची जोड दिली जाते. तिथे घसरण नित्याची आहे, म्हणून खर्च परवडतो. म्हणून उपग्रह किंवा रडार यांना चाकाच्या जागी बसवण्यापेक्षा चाकाशेजारी बसवणे शहाणपणाचे. चाकाची साक्ष जलद आणि अखंड आहे, उपग्रहाची साक्ष संथ पण घेरापासून मुक्त आहे. एकीचे दोष दुसरीत नाहीत, आणि त्यामुळेच त्यांची जोडी उपयोगाची ठरते.

दुसरा आक्षेप नियमांच्या बाजूने येतो: काटा मुद्दामच थोडा जास्त दाखवतो, मग सुरक्षितता साधली की. संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या नियमानुसार दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये, आणि जास्त असलाच तर तो फरक खऱ्या वेगाच्या एक दशांशात 4 किमी मिळवून येईल त्याहून जास्त नसावा. खरा वेग 80 असताना काट्याला 92 पर्यंत दाखवण्याची मुभा त्यात आहे. टायरच्या घेरातली अनिश्चितता नियमकर्त्यांनी मान्य केली आणि तिचा कल सुरक्षित बाजूला वळवला, असा त्याचा अर्थ होतो. हे धोरण मला पटते. पण ते काट्यापुरते ठीक आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 117 वा नियम स्पीडोमीटर बंधनकारक करतो आणि 118 वा नियम वाहतूक करणाऱ्या वाहनांना वेग मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर लावायला सांगतो. 2015 च्या दुरुस्तीने त्यासाठी सर्वसाधारण मर्यादा 80 किमी ठरली. जुलै 2019 पासून नव्या मोटारींत 80 ओलांडल्यावर अधूनमधून आणि 120 ओलांडल्यावर सतत वाजणारा इशाराही आवश्यक झाला. पुण्यात 1966 पासून काम करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा यंत्रणांची मानके प्रसिद्ध करते आणि वाहनांची चाचणीही घेते. चाचणीच्या दिवशी गाडीला ठरलेल्या मापाचे टायर असतात, सेन्सर जागेवर असतो. रस्त्यावर वर्षे काढलेल्या ट्रकचे तसे नसते. गव्हर्नर एकाच सेन्सरच्या ठोक्यांवर विसंबून असेल, तर ती एक वायर निखळली किंवा कोणी काढली की त्याच्या लेखी गाडी उभीच राहते. इंजिन जोरात फिरत आहे, गिअर पडलेला आहे आणि वेग शून्य, ही विसंगती पकडायला दुसरी साक्ष लागते. ती हाताशीच आहे: एआयएस-140 मानकानुसार सार्वजनिक प्रवासी वाहनांवर बसवल्या जाणाऱ्या ट्रॅकिंग यंत्रात उपग्रहांवरून मिळालेला वेग नोंदला जातो. गव्हर्नरचा वेग आणि ट्रॅकिंगचा वेग यांची नियमित पडताळणी करणे नियमांच्या पुढच्या टप्प्यात आले पाहिजे.

तिसरा आक्षेप गॅरेजमधून येतो आणि तो सहानुभूतीने ऐकला पाहिजे. जुनी केबल तुटली तर गल्लीतला मेकॅनिक ती थोडक्या पैशांत बदलून द्यायचा; आता एक सेन्सर बिघडला की एबीएसचा दिवा, स्टीअरिंगचा दिवा आणि चेक लाइट एकदम पेटतात आणि बिल वाढते. गुंतागुंत वाढली हे निर्विवाद. पण बिल वाढण्याचे एक मोठे कारण गुंतागुंतीपेक्षा तपासाच्या सवयीत आहे. स्कॅनरवर पी0500 हा कोड आला की स्पीड सेन्सर बदलायचा, असा शिरस्ता पडला आहे. हा कोड वेगाचा सिग्नल पटण्यासारखा येत नाही एवढेच सांगतो; दोष साखळीत कुठे आहे ते सांगत नाही. कपलरमध्ये पावसाळ्यात पाणी शिरून पिना गंजलेल्या असू शकतात, उंदराने वायरिंग कुरतडलेले असू शकते, सेन्सरच्या चुंबकाला लोखंडी कीस चिकटलेला असू शकतो, एक्सलवरच्या दातेरी रिंगला तडा गेलेला असू शकतो. चुंबकीय पट्टी असलेले व्हील बेअरिंग उलटे बसवले तर नवाकोरा सेन्सरही गप्प राहतो, कारण पट्टीची बाजू त्याच्यासमोर येतच नाही. कॉइलच्या सेन्सरचा रोध मल्टिमीटरवर तपासता येतो; चिप असलेल्या सेन्सरवर ती चाचणी काही सांगत नाही, उलट चिपला इजा होऊ शकते. योग्य तपास तुलनेतून होतो. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकाच वेळी पाहत गाडी सरळ रस्त्यावर हळू चालवली, की वेगळे वागणारे चाक लगेच उघडे पडते. ठरावीक अंतराने एक ठोका चुकत असेल तर संशय रिंगवर घ्यावा, सगळाच सिग्नल तुटत असेल तर वायरिंगवर, आणि चारही चाकांचे एकमत असूनही काटा खोटा वाटत असेल तर टायरच्या मापावर. ही पद्धत शिकवायला महागडी उपकरणे लागत नाहीत. आयटीआयच्या मेकॅनिक अभ्यासक्रमात भाग बदलण्याइतकेच हे ताडून पाहणे शिकवले गेले, तर ग्राहकाचे पैसे आणि मेकॅनिकची पत दोन्ही वाचतील.

या वादात सर्वांत जड जागा अपघाताच्या चौकशीची आहे. युरोपीय संघात जुलै 2024 पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या मोटारींना अपघातापूर्वीच्या काही सेकंदांची माहिती साठवणारे यंत्र आवश्यक आहे. अमेरिकेतही अशा यंत्रात धडकेआधीच्या काही सेकंदांतला वेग कसा नोंदावा याचा नियम आहे. ही यंत्रे न्यायाला मोठा हातभार लावतात. मात्र त्यांतला वेग साधारणपणे चाकांवरूनच आलेला असतो, आणि अपघाताच्या आधीचे क्षण म्हणजे नेमके तेच क्षण जेव्हा चाक घसरत नाही ही अट मोडण्याची शक्यता सर्वाधिक असते. चाके जाम झालेली असतील तर नोंद खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवील. ओल्या रस्त्यावर चाक जागीच गरगरत असेल तर जास्त. याचा अर्थ नोंद कुचकामी आहे असा काढणे चुकीचे ठरेल. ब्रेक दाबण्याआधीच्या सेकंदांची नोंद, ब्रेकचा सिग्नल, धडकेतला त्वरणाचा आलेख, रस्त्यावरचे टायरचे व्रण आणि मिळाल्यास कॅमेऱ्याचे चित्रण यांच्या जोडीने ती वाचली, तर तिच्यातून सत्याच्या फार जवळ जाता येते. एकटा आकडा मात्र कोणालाही दोषी किंवा निर्दोष ठरवायला पुरेसा मानू नये, मग तो गाडीच्या मालकाच्या बाजूचा असो वा विरोधातला.

साक्षी ताडण्याचा हा विचार नवा नाही. आपल्याकडच्या व्यवस्थेत तो एका ठिकाणी आधीपासून रुजलेला आहे. रिक्षा आणि टॅक्सीचा इलेक्ट्रॉनिक मीटरही चाकाच्या फिरण्यावरूनच अंतर मोजतो आणि त्यावर भाडे लावतो. तिथे पैशांचा व्यवहार असल्यामुळे मीटर तपासला जातो, सीलबंद केला जातो आणि ही तपासणी पुन्हापुन्हा करावी लागते. फेऱ्यांवरून काढलेले अंतर बाहेरच्या मापाशी जुळवल्याशिवाय ग्राह्य धरायचे नाही, हे तत्त्व भाड्याच्या बाबतीत आपण मान्य केले आहे. वेगाच्या बाबतीत पणाला लागतो तो जीव, आणि तरी खासगी मोटारीचा वेग तिच्या आयुष्यात बाहेरच्या मापाशी सहसा कधीच जुळवला जात नाही. टायर बदलताना मूळ मापाशी तुलना करणे, वाहनाच्या फिटनेस तपासणीत वेगाची पडताळणी खरोखर करणे, गव्हर्नरला दुसरी साक्ष देणे आणि न्यायालयात वेगाचा आकडा त्याच्या अटींसह मांडणे, यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या शोधाची गरज नाही. सेन्सर आपले काम करतो आहे. तो फेरे बरोबर मोजतो. त्या फेऱ्यांचा अर्थ लावण्याची जबाबदारी गाडी बनवणारे, दुरुस्त करणारे, नियम करणारे आणि चालवणारे अशा सर्वांची आहे, आणि ती चुकांची शक्यता गृहीत धरूनच पार पाडली पाहिजे.